शुगर आणि किडनीचा जुना आजार आहे, झोप लागता लागता अंगाला जोरात झटका बसून जाग येते, काय करू?

तुम्ही लिहिलंय की डायलिसिस चालू आहे, डोळा लागला रे लागला की हातपाय उडतात, घरचे म्हणतात ही फिट आहे, आणि आता झोपायचीच भीती वाटते. ते घरच्यांचं वाचलं आणि राहवेना. एरवी मी इथं नुसता वाचून जाणारा माणूस.

लागत्या झोपेत एखादा झटका बसणं, पायरी चुकल्यासारखं होऊन दचकणं, हे धडधाकट माणसांनाही होतं. दमणूक, जागरण, टेन्शन, संध्याकाळचा चहा यानं वाढतं, औषध काही लागत नाही. पण आपण मशीनवरची माणसं, आपल्या अंगातून वेळेवर काहीच बाहेर पडत नाही, ना युरिया ना औषध, म्हणून आपलं तेवढ्यावर सोडून भागत नाही. आधी औषधांची पिशवी पलंगावर ओता आणि पायाची आग, मुंग्या यासाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन चालू आहे का बघा. पुढं कंपनीचं नाव मोठ्यानं असतं, खरं नाव पट्टीच्या मागं बारीक अक्षरात असतं, पोराला वाचायला लावा.

माझं सांगतो. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर असतो. शुगरमुळं तळपायाची इतकी आग व्हायची की रात्री ओल्या फरशीवर पाय टेकून बसायचो. कुणीतरी सुचवलं म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी गॅबापेंटिन दिली, दिवसातून तीनदा. डाव्या हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून फुगवलेली शीर, टम्म समोर दिसतेय तरी किडनीचं एका शब्दानं विचारलं नाही. आग कमी झाली हे खरं. पण दिवसभर गुंगी, जीभ जड, आणि रात्री झटके. एकदा तर मशीनवरच डुलकी लागली, सुया आत असताना फिस्टुलाचा हात उडाला, अलार्म वाजायला लागला, टेक्निशियन पोरगं पळत आलं आणि "काका हात हलवू नका की" म्हणत माझं मनगट धरूनच बसलं. मी काय मुद्दाम हलवतोय का बाबा.

त्यातच संक्रांत आली. गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, बायकोच्या माहेरचे सगळे आमच्याकडंच उतरतात. अक्षता सोहळा बघून, होम मैदानावर पोरांना पाळण्यात बसवून सगळे दमून आले आणि हॉलमध्ये ओळीनं चादरी टाकून पडले. माझ्या शेजारी माझे साडू. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर, त्यामुळं जगात त्यांना माहीत नाही असं काही नाही. माझा डोळा लागला आणि पाय जो उडाला तो थेट त्यांच्या नडगीवर. झालं! साडू उठले, लाईट लावली, "फिट आली, फिट आली, कांदा आणा!" मी टक्क जागा, अहो मला काही झालं नाही म्हणून सांगतोय, पण ऐकतो कोण. मेहुणीनं कांदा आणला, त्यांनी बुक्कीनं फोडला आणि माझ्या नाकाला लावून धरला. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, ते बघून साडू म्हणाले "बघा, शुद्धीवर आले." तोंडात चमचा घालायलाही निघाले होते, बायकोनं हात धरला म्हणून दात वाचले.

इथवर हसण्यावारी नेलं असतं. सकाळी उठून यांनी माझ्या अॅक्टिव्हाची चावी काढून पोराच्या हातात दिली, मला न विचारता, आणि बार्शीला जाईपर्यंत सगळ्या पाहुण्यारावळ्यांना फोन. आमच्याकडं तेव्हा मुलीचं बघणं चालू होतं. एका स्थळाकडून विचारणा आली की वडिलांना फिट येते म्हणे, घराण्यात आहे का. आता सांगा, राग येईल का नाही?

बायको शहाणी. तिनं सगळ्या पट्ट्या गोळा केल्या, मी झोपताना मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि पुढच्या डायलिसिसला किडनीच्या डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी पट्टी बघूनच विचारलं, "हे कुणी दिलं, एवढं?" हे औषध किडनीवाटेच बाहेर जातं, आपल्या अंगात ते साचत राहतं, मग गुंगी आणि झटके. डोस बराच कमी केला, तोही डायलिसिसच्या दिवशी, डायलिसिस झाल्यावर. कॅल्शियम, हिमोग्लोबिन, लोह तपासून घेतलं. काही दिवसांत डोकं मोकळं झालं, झटके अगदी क्वचित उरले. आणि साडू? ते प्रत्येक लग्नात, पंगतीत बसून सांगतात की आमच्या साडूंची फिट कांद्यानं गेली. मी पट्टी दाखवली, व्हिडिओ दाखवला, ते म्हणतात कांदा उशिरानं लागू पडतो. काय बोलणार!

म्हणून तुमच्या घरी जो कोण फिट-फिट करतोय त्याला आधी एक दिवस डायलिसिसला शेजारी चार तास बसवा. आणि त्याला विचारा, झटका आल्यावर हाक मारली तर तुम्ही ओ देता का? लगेच जाग येऊन सगळं आठवत असेल तर बहुतेक करून ती फिट नसते. शुद्ध जाणं, जीभ चावली जाणं, कपड्यात लघवी होणं, नंतर बराच वेळ भ्रमिष्टासारखं वागणं, असलं काही असेल तर मात्र मेंदूच्या डॉक्टरांकडं जा. आणि खरी फिट आली तरी माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा चप्पल हुंगवायचं तर नाहीच नाही.

बाकी तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, पडल्यावर पाय वळवळतात आणि चाललं की बरं वाटतं असं असेल तर तो वेगळा त्रास, डायलिसिसवाल्यांना लई असतो, लोह तपासा. झटक्याबरोबर दरदरून घाम, छातीत धडधड असेल तर तिथल्या तिथं शुगर बघा, रात्री उतरत असेल. घोरता घोरता श्वास अडकून दचकत असाल तर तेही सांगा. संध्याकाळचा चहा मी बंद केला, आपल्याला पाणी मोजून प्यायचं असतं, तेवढंच दिवसाच्या मापात बसतं. आणि झोप मोडू देऊ नका. आमच्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी, तेही कधी अपरात्री, मोटार लावायला मीच उठायचो, आता पोरगं उठतं.

एक राहिलं. वर वाचून गॅबापेंटिन स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, जास्त दिवस चालू असेल आणि अचानक सोडली तर खरोखरची फिट येऊ शकते, डॉक्टरच हळूहळू कमी करतील. सगळे झटके औषधानंच असतात असंही नाही, एखादं डायलिसिस चुकलं आणि झटके वाढले, उलट्या व्हायला लागल्या, बोलणं असंबद्ध झालं तर सकाळची वाट बघू नका. आणि दिवसा जागेपणी हाताला झटके बसून कप-पेला पडत असेल तर डॉक्टर बघेपर्यंत गाडी चालवू नका. तेवढ्यापुरतं साडूंचं बरोबर होतं, पण हे त्यांना मी सांगणार नाही.