भाजी मऊ शिजू द्या, पास्ता लवकर काढा

तुम्ही विचारलंय की इटलीत वसंतात मटार, अॅस्परॅगस अशा ताज्या भाज्या आणि सॉसेज घालून जो साधा घरगुती पास्ता करतात, तो पुण्यात घरी कसा करायचा. आणि क्रीम घालूनही भाज्या एकीकडे, पास्ता एकीकडे असं का होतं.

मी रोममध्ये राहते आणि एप्रिल-मे महिन्यांत हा पास्ता आमच्याकडे वरचेवर होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

क्रीम आधी बाजूला ठेवा. क्रीम आणि करकरीत भाज्यांचा जो 'प्रिमावेरा' हॉटेलांत मिळतो, तो १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ल सर्क या रेस्टॉरंटमुळे गाजला. रोमच्या घरांतली रीत वेगळी. इथे वसंतात आर्टिचोक (एका काटेरी झाडाच्या कळ्या), बाकल्याच्या म्हणजे फावा बीनच्या शेंगा, मटार आणि पातीचा कांदा मंडईत एकदमच येतात. ते सगळं ऑलिव्ह तेलात, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवतात. त्याला विन्यारोला म्हणतात. त्यात भाजी करकरीत ठेवतच नाहीत. मटार चमच्याने दाबला की फुटला पाहिजे आणि बाकल्याचे थोडे दाणे तर विरघळलेच पाहिजेत. तुमच्या पास्त्यात जो एकजीवपणा नाही, तो निम्मा इथून येतो. भाजी पूर्ण शिजवायची आणि पास्ता कच्चट असतानाच काढायचा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

आता सॉसेज. इथलं साल्सिच्चा म्हणजे कच्चं, ताजं डुकराचं मांस, त्यात मीठ, मिरी, कुठे लसूण तर कुठे बडीशेप. आपल्याकडे कोल्ड स्टोरेजमध्ये मिळणारी फ्रँकफर्टर आधीच शिजवलेली असतात. ती कितीही परतली तरी हवी तशी चरबी सुटत नाही, आणि या पदार्थाचा जीव त्या चरबीत आहे. गोव्याचं चोरिस मला मनापासून आवडतं, पण ते व्हिनेगर-मिरचीत मुरलेलं. त्याच्यापुढे मटाराची गोडी टिकत नाही. ते पावाबरोबरच खावं. त्यापेक्षा घरीच करा. ३०० ग्रॅम डुकराचा खिमा घ्या, पाव भाग तरी चरबी असलेला. त्यात ५ ग्रॅम मीठ, जाडसर कुटलेली मिरी, चमचाभर ठेचलेली बडीशेप आणि लसणाची एक पाकळी वाटून घाला, नीट मळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. आतड्यात भरायची गरज नाही. पास्त्यासाठी इथेही वरचं आवरण काढूनच टाकतात.

जाड बुडाच्या कढईत थोडं ऑलिव्ह तेल तापवून खिम्याचे बोराएवढे तुकडे तोडून टाका आणि हात आवरा. लगेच हलवायचं नाही. आधी पाणी सुटतं, तेव्हा आवाज बारीक, वाफेचा असतो. पाणी आटलं की तडतड सुरू होते आणि कडा तपकिरी होतात. तेव्हा उलटा. दोन्हीकडून रंग आला की अर्धा कप पांढरी वाईन ओतून बुडाला लागलेलं सगळं खरवडून घ्या. वाईन नको असेल तर पाणी चालेल. तुकडे ताटलीत काढा, चरबी मात्र कढईतच राहू द्या.

त्याच चरबीत पातीचा कांदा मऊ करा. मग दोन वाट्या मटार, अॅस्परॅगसच्या देठांच्या चकत्या आणि कपभर पाणी घालून झाकण ठेवा. दहा-बारा मिनिटं लागतात. अॅस्परॅगसचे शेंडे शेवटच्या तीन-चार मिनिटांत टाका. बाकला मिळाला तर दाणे मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून, डाळिंब्या सोलतो तसे सोलून मटारांबरोबरच घाला. पुण्यात तो सहज मिळत नाही; थंडीत ओले पावटे घ्या, पण आधी वेगळे नीट शिजवून. मटारही तुमच्याकडे थंडीतच उत्तम, तेव्हा हा पास्ता डिसेंबर-जानेवारीत करा. एरवी फ्रोजन मटार वापरा, इथेही सर्रास वापरतात. आर्टिचोकच्या मागे लागू नका, बरणीतले आंबट असतात आणि सगळी चव बिघडवतात.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर बाकला अजिबात नको. लाल रक्तपेशी फुटून जिवावर बेतू शकतं. इटलीत ताजा बाकला विकायला ठेवला की काही दुकानदार तशी पाटी लावतात, ती यासाठीच.

पास्ता ड्युरम या कडक जातीच्या गव्हाचाच घ्या. इटलीत १९६७ च्या कायद्यापासून तिथे विकण्यासाठी बनवलेला सुका पास्ता ड्युरमचाच असावा लागतो, आणि तो उकळताना लवकर लगदा होत नाही. आकार आखूड हवा: नळीसारखी रिगातोनी, किंवा मटार ज्याच्या खळग्यात बसतो तो ओरेक्किएत्ते. चौघांना ३२० ग्रॅम पुरतो. ३ लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ घाला, जास्त नको, कारण सॉसेज आणि चीज दोन्ही खारट. पाण्यात तेल घालू नका. पाकिटावर बारा मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला पास्ता थेट भाजीच्या कढईत घ्या, सॉसेजही परत टाका आणि पास्त्याचं दोन डाव पाणी ओता. मोठ्या आचेवर सतत हलवत राहा. त्या पाण्यातला स्टार्च आणि कढईतली चरबी एकजीव होते आणि रस्सा पास्त्याला धरून राहतो. क्रीमचं काम हेच पाणी करतं, त्यामुळे ते सिंकमध्ये ओतू नका.

पास्ता शिजला की कढई खाली उतरवा, अर्धं मिनिट थांबा, मगच ५० ग्रॅम बारीक किसलेलं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज) घाला. उकळत्यात घातलं तर गुठळ्या होतात. पेकोरिनो नसेल तर पार्मेजान चालेल, प्रोसेस्ड चीज नाही. वर मिरी आणि पुदिन्याची चार पानं तोडून टाका. घट्ट वाटला तर राखून ठेवलेल्या पाण्यातलं आणखी थोडं घाला आणि लगेच वाढा.