जानेवारीत पेज-कनॅबला कॅन्यन फोटोग्राफी: गाईड कुठं घ्यायचा आणि कुठं नाही

दादा, तुमचा प्रश्न वाचला. जानेवारीत फिनिक्सला लेकीकडं जाणार, तिथनं चारपाच दिवस काढून ॲरिझोनातल्या पेज आणि युटातल्या कनॅब गावांकडं अँटेलोप कॅन्यन (खडकातली अरुंद घळ), द वेव्ह आणि व्हाईट पॉकेट (लाटांसारखे रंगीत खडक) करायचं, गाडी जावयांची साधी सेडान, आणि जावई म्हणतायत की मोबाईलमध्ये मॅप असताना गाईडला एवढे डॉलर कशाला घालवायचे. मी त्या भागात थंडीतच फोटोसाठी फिरलोय म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

जावयांचं निम्मं बरोबर आहे, वाट मॅपवर सापडते. पण हिवाळ्यात तिथं गाईडला पैसे द्यायचे ते वाट दाखवायला नाहीत. आज कुठं जायचं नाही, आणि उजेड किती वाजता कुठल्या भिंतीवर येणार, या दोन गोष्टींसाठी द्यायचे. हे ज्याला सांगता येत नाही तो गाईड स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

अँटेलोपला चॉईसच नाही. पेज गावाजवळची ती जागा नवाहो नेशनच्या, म्हणजे नवाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशाच्या हद्दीत येते, अधिकृत गाईडच्या टूरशिवाय आत जाताच येत नाही. कॅन्यनचे अप्पर आणि लोअर असे दोन वेगळे भाग आहेत, त्यातल्या लोअरमध्ये 12 ऑगस्ट 1997 ला अचानक पाण्याचा लोंढा आला आणि 11 पर्यटक गेले. पाऊस कॅन्यनवर नव्हता, वरच्या अंगाला काही मैल लांब पडला होता. असले लोंढे जास्त करून जुलै ते सप्टेंबरात येतात, जानेवारीत धोका कमी, पण हिवाळी वादळाचा अंदाज असेल तर गाईड नको म्हणाला की नको. तिथं हुज्जत घालायची नाही, पैसे भरलेत हे कारण सांगायचं नाही.

आता उजेडाचं बघा, कारण तुम्ही प्रश्नात बीमच्या फोटोंचा उल्लेख केलाय. वरनं खांबासारखा उतरणारा तो उजेड अप्पर अँटेलोपमध्ये साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दुपारच्या सुमारास दिसतो. जानेवारीत नाही. आपल्या कोल्हापुरात डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य साधारण 50 अंशावर असतो, पेजला जेमतेम 30, मग तो अरुंद फटीतून तळापर्यंत पोचणार कसा. ऊन वरच्या कडांवर पडतं, समोरच्या भिंतीवर आपटतं आणि तसंच उड्या मारत खाली येतं, त्यामुळं वर केशरी, मधे गुलाबी आणि तळाशी जांभळट निळा असे थर एकाच फ्रेममध्ये मिळतात. मला तर हेच उन्हाळ्यातल्या बीमपेक्षा जास्त आवडतं, आणि गर्दीही कमी असते. फक्त व्हाईट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवायची सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, कॅमेरा तो सगळा रंग धुऊन टाकतो, डेलाईटला लॉक करा आणि रॉ (कच्च्या फाईल) मध्येच काढा. वाळू उडते म्हणून आत लेन्स बदलायची नाही, वाईड लावूनच आत जायचं. ट्रायपॉड चालत नाही, त्यामुळं आयएसओ (कमी उजेडात फोटो यायची सेटिंग) वाढवायला घाबरू नका. वहिनींचे गुडघे दुखतात असं लिहिलंय तुम्ही, तर लोअरच्या नादाला लागू नका, तिथं लोखंडी जिने उभे आहेत. अप्पर घ्या, आत जमीन सपाट आहे.

यावरनं गाईड पारखायची एक सोपी युक्ती मिळते. बुकिंगच्या आधी ईमेल करायचा की तुम्ही स्वतः जानेवारीत काढलेले चारपाच फोटो पाठवा आणि ते किती वाजताचे आहेत ते लिहा. जो खरंच थंडीत जातो तो लगेच पाठवतो, वर दोन गोष्टी स्वतःहून सांगतो. जो बीमचेच फोटो पाठवतो किंवा जानेवारीत बीम दाखवतो म्हणतो त्याला तिथंच नमस्कार करा.

खरा गाईड लागतो तो व्हाईट पॉकेटला. परमिटची भानगड नाही, पण शेवटच्या टप्प्यात खोल वाळू आहे, फोर व्हील ड्राईव्हशिवाय जमत नाही, आणि त्याच्या आधीचा हाऊस रॉक व्हॅली रोड म्हणजे निव्वळ चिकण माती. कोरडा असला तर साधी गाडीसुद्धा जाते. भिजला की उसाला पाणी पाजलेल्या काळ्या रानात चप्पल जशी पावलागणिक जड होत जाते तसं टायरचं होतं, खाचा भरून टायर गुळगुळीत होतो आणि गाडी सरळ नालीत. मोबाईलला रेंज नाही, टो करून आणायला हजाराच्या वर डॉलर जातात. माझ्या गाईडनं हायवे सोडल्या सोडल्या गाडी थांबवली, खाली उतरला, बुटाची टाच रस्त्यात दाबून बघितली, परत जरा पुढं जाऊन सावलीतल्या भागात दाबून बघितली. म्हणाला आत्ता रात्रीच्या थंडीनं माती गोठलीय म्हणून रस्ता कडक लागतोय, दुपारी वितळला की लोणी होणार, म्हणजे एकतर ऊन चढायच्या आत बाहेर पडायचं किंवा संध्याकाळपर्यंत आतच थांबून परत गोठल्यावर निघायचं. आम्ही थांबलो. खडकातल्या खळग्यांत साचलेल्या पाण्यावर पातळ बर्फ होता, कडेनं वितळायला लागलेला, आणि मावळतीला त्यात पांढऱ्या-तांबड्या खडकाचं प्रतिबिंब आलं. तिथं सूर्य दिवसभर खालीच असतो, त्यामुळं दुपारीसुद्धा लांब सावल्या मिळतात, दगडाचा पोत सुटून दिसतो. ह्या एका दिवसासाठी पैसे मोजा, बाकी ठिकाणी वाचवा.

द वेव्हचं वेगळं आहे. तिथं दिवसाला 64 च माणसं सोडतात आणि ती लॉटरीनं. आगाऊ लॉटरी चार महिने आधी असते, म्हणजे जानेवारीसाठी सप्टेंबरात अर्ज करायचा होता, ती वेळ गेली. आता उरली रोजची लॉटरी, ती दोन दिवस आधी मोबाईलवरनं भरायची, पण फोन त्या भागातच असावा लागतो, फिनिक्सच्या घरात बसून होत नाही. कनॅबला मुक्काम टाकला की रोज भरत राहा, लागली तर लागली. गाईड तुम्हाला परमिट मिळवून देऊ शकत नाही, कुणी तसं म्हणाला तर सावध व्हा. लागली तर मात्र गाईड जरूर घ्या, आखलेली वाट नाही, उजेड साडेनऊ-दहा तासच असतो, आणि सावलीतल्या उतरत्या खडकावर बर्फ धरलेला असतो. बुटाखाली मायक्रोस्पाईक, म्हणजे बर्फावर न घसरायला लावायचे काटे, लागतात, ते गाईड देतो का विचारा.

विचारायच्या बाकीच्या गोष्टी: त्या जागेवर व्यावसायिक टूर न्यायचं परमिट आहे का (व्हाईट पॉकेट आणि द वेव्हची जमीन बीएलएम, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याकडं आहे), विल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर हा प्रथमोपचाराचा कोर्स झालाय का, सॅटेलाईट मेसेंजर (रेंज नसताना निरोप पाठवायचं यंत्र) जवळ असतो का. आणि पाऊस-बर्फानं रस्ता बंद झाला तर पैसे परत की दुसरी जागा, हे ईमेलवर लेखी घ्या, फोनवर नको. व्हाईट पॉकेटला ग्रुप टूर तर घेऊच नका, चालायला आलेल्या लोकांबरोबर फोटोवाल्याचं जमत नाही, तुम्ही एका दगडापाशी अर्धा तास थांबणार आणि ते वैतागणार. गाईडला आधीच सांगा की आम्हाला जागा कमी चालतील, थांबणं जास्त पाहिजे. वहिनी फोटो काढत नाहीत, त्या एवढा वेळ थंडीत उभ्या राहून करणार काय? गाडीजवळ थांबता येईल का, खुर्ची आणि गरम काही असतंय का, हे पण विचारा. चांगला गाईड याची सोय करतोच. शेवटी टिप 15-20 टक्के धरून चाला.

हॉर्सशू बेंड (नदीचं नालेसारखं वळण), टोडस्टूल हूडूज (छत्रीसारखे दगडी सुळके, पेज-कनॅब डांबरी रोडलाच पार्किंग आहे) आणि ब्राईस कॅन्यनच्या काठावरचे पॉईंट, इथं गाईड नको, जावयांच्या गाडीनं आरामात होतं. फक्त ब्राईस अडीच हजार मीटरच्या आसपास आहे, बर्फ पडला असेल तर रस्ता बघून निघा. इथल्या घड्याळांत तासाचा फरक पडतो हा वेळेचा घोळ वाचला असेल तुम्ही, तो उन्हाळ्यातला. जानेवारीत ॲरिझोना, नवाहो नेशन आणि युटा तिन्हीकडं घड्याळ एकच.

ट्रायपॉड न्यावा का विचारलंय. न्या, अँटेलोपला गाडीत राहील, व्हाईट पॉकेटला लागणार. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, आणि रात्री रूमवर येताना कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करून मग आत आणा, नाहीतर लेन्सवर दव धरतंय. गाईडला ईमेल आजच टाका, जानेवारीत ऑफ सीझन असला तरी एकट्यादुकट्याला प्रायव्हेट टूर देणारे तिथं मोजकेच आहेत. काय उत्तर येतंय ते इथं टाका, बघून सांगतो.