फुटबॉल खेळणाऱ्या मुलीचा गुडघा जपायचा कसा?

तुमची मुलगी चौदा वर्षांची, फोंड्यात खेळते, मैत्रिणीचा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा लिगामेंट, फाटला आणि आता घरचे सगळे तिला खेळ सोड म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. सोडायला लावू नका.

माझा डावा गुडघा बारावीत असताना गेला. कापणी झालेल्या शेतात खेळत होतो. कुणाचा धक्का लागला नाही की काही नाही. पळता पळता वळले, बुटाचे स्टड मातीत अडकले, अंग वळलं पण पाय तिथेच राहिला. आतून ‘टक्’ असा आवाज मलाच ऐकू आला. बहुतेक एसीएल असेच जातात, वळताना, गचकन थांबताना किंवा उडी मारून उतरताना. मुलींत हे प्रमाण मुलांच्या दुप्पट-तिप्पट आहे. उतरताना गुडघा आत झुकतो आणि मांडीचे मागचे स्नायू पुढच्यांच्या मानाने कमी पडतात, ही त्यातली दोन कारणं आपल्या हातातली.

घरीच बघा. मुलीला अंगणाच्या एका पायरीवरून दोन्ही पायांवर उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. टेकताना गुडघे एकमेकांकडे वळतात का? धप्प आवाज येतो का? मी डिचोलीत मुलींना शिकवते, तिथे पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचेच गुडघे आत जातात. मग एकच सांगणं: गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेव आणि मांजरासारखी उतर, आवाज नको. चार-सहा आठवड्यांत फरक दिसतो.

त्याला जोड म्हणून फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ वॉर्म-अप. वीस मिनिटं लागतात, साहित्य काही नको. थोडं धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगात धावून वळणं. त्यातला नॉर्डिक व्यायाम मुलींना अजिबात आवडत नाही. गुडघ्यांवर बसायचं, मैत्रिणीने घोटे धरायचे आणि सरळ अंगाने हळूहळू पुढे झुकायचं. मांडीच्या मागच्या स्नायूंना ताकद त्यानेच येते, म्हणून नेमका तोच टाळू देऊ नका. स्वीडनमध्ये 12 ते 17 वर्षांच्या मुलींनी आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं असाच वॉर्म-अप केला, तर एसीएलच्या दुखापती 64 टक्क्यांनी घटल्या. तो अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मात्र मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की झाला वॉर्म-अप! कोचना हे विचाराच, वाईटपणा आला तरी चालेल.

मेडिकलमधली नी-कॅप घालून लिगामेंट वाचत नाही. ते पैसे मापाच्या बुटांवर घाला, आणि पावसाळ्यानंतर जांभ्याची जमीन कडक झाली की लांब स्टडचे बूट नकोत.

मैत्रिणीचं ऑपरेशन झालं, तर निदान नऊ महिने सामना नाही, आणि नंतरही दोन्ही पायांची ताकद तपासूनच. मी चतुर्थीनंतरच्या एका स्पर्धेसाठी माझ्या ऑपरेशननंतर सातव्या महिन्यातच मैदानात उतरले होते. दुसऱ्याच सामन्यात उजवा गेला.