ढकलला पुढे, क्रेट आला मागे

"मॅडम, दहावीला सायन्सला ९४ होते हिला. आता फिजिक्सच्या टेस्टला २५ पैकी ६. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वही पुढ्यात घेऊन बसते अन् मग रडते. डोक्याचं काही टेन्शन आहे का बघा. नाहीतर आर्ट्सला टाकतो, तिथं निदान हसेल तरी."

मी समुपदेशक, आणि हे बोलणारे मुलीचे वडील. ते पिकअप चालवतात. हंगामात गावातले टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला पोचवायचे आणि रिकामे क्रेट परत आणायचे, असं त्यांचं काम. मुलगी नाशिकला मावशीकडे राहून अकरावी सायन्स करते. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील मी बदललेत, गणितं मात्र तिचीच आहेत.

तिचं म्हणणं एका वाक्यात मावत होतं. "वर्गात सगळं कळतं, पण घरी गणित सुटत नाही." हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या चाचणीनंतर इतक्यांदा ऐकते, की पुढचं बोलणं मला पाठ झालंय. आणि घोळ तिथेच झाला. परीक्षेची भीती, घरापासून लांब, मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत, असं सगळं माझ्या साच्यात नीट बसत होतं. झोप, भूक, मैत्रिणी, मोबाइल, सगळं विचारून झालं. झोप कमी होती, बाकी काळजीसारखं काही नव्हतं. मी तिला श्वासाचा व्यायाम शिकवला, पेपर हातात आल्यावर पहिली दोन मिनिटं काय करायचं ते सांगितलं. दोन बैठका झाल्या. पुढच्या टेस्टला २५ पैकी ७.

"शांत वाटलं का पेपरला?" मी विचारलं.

"हो, खूप शांत वाटलं," ती म्हणाली. म्हणजे आधी घाबरून चुकत होती, आता निवांतपणे चुकली.

तिसऱ्या बैठकीला मी वही आणायला सांगितली. सायकॉलॉजीकडे वळण्याआधी मी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलंय, त्याचा एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच धंद्यात उपयोग झाला म्हणायचा. एक गणित काढून म्हटलं, सोडव, पण मनात जे येईल ते मोठ्याने बोलत सोडव.

गणित असं होतं. २० किलोचा ठोकळा खडबडीत पृष्ठभागावर स्थिर आहे. स्थितिक घर्षण गुणांक (वस्तू स्थिर असताना पृष्ठभागाची पकड किती, ते सांगणारा आकडा) ०.५. त्याला ६० न्यूटनचं आडवं बल लावलं, तर त्वरण किती? गुरुत्व त्वरण १० धरा.

तिचे डोळे वाक्यांवर थांबलेच नाहीत. एका आकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेले, चिमणी दाणे टिपते तसे. २०, ०.५, ६०. "दिलेलं" म्हणून तिन्ही लिहून काढले. मग वहीच्या शेवटच्या पानावर गेली, तिथे लाल पेनाने चौकटीत सूत्रं होती. त्यातलं नॉर्मल म्हणजे पृष्ठभाग वस्तूला ज्या बलाने वर रेटतो ते, एमजी म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण, आणि म्यू म्हणजे घर्षण गुणांक. "नॉर्मल म्हणजे एमजी, २००. घर्षण म्हणजे म्यू गुणिले नॉर्मल, १००. एकूण बल ६० वजा १००, मायनस ४०. भागिले २०. त्वरण मायनस २." खाली पट्टीने दोन रेघा. जेमतेम एक मिनिट लागलं असेल. अक्षर सुंदर.

मी म्हटलं, "हा ठोकळा म्हणजे भरलेला टोमॅटोचा क्रेट समज. साधारण तेवढाच असतो ना?"

"हो, विसाचाच असतो."

"तो गाडीच्या हौद्यात उभा आहे. तू मागून पुढे ढकलतेयस. तुझ्या उत्तराप्रमाणे काय झालं?"

ती वहीकडे बघत राहिली. "मायनस म्हणजे... मागे."

"मागे म्हणजे कुणाकडे?"

"माझ्याकडे." मग एकदम तिचा चेहराच बदलला. "म्हणजे मी ढकलतेय अन् क्रेट माझ्याच अंगावर येतोय? पप्पा म्हणतील, भूत लागलं क्रेटला!"

तीन बैठकांत ती पहिल्यांदा हसली, तीही स्वतःच्या उत्तराला. मीही हसले. माझे श्वासाचे व्यायाम जे करू शकले नाहीत, ते त्या उणे दोनाने केलं.

क्रेट जागचा हलत नाही आणि त्वरण शून्य, हे तिला गाडीत उभं राहून कोणी विचारलं असतं तर तिने झोपेतही सांगितलं असतं. वहीत मात्र तिला ते सुचलं नाही, कारण म्यू गुणिले नॉर्मल म्हणजेच घर्षण, असं तिच्या चौकटीत लिहिलेलं होतं. वस्तू स्थिर असताना तो गुणाकार घर्षणाची कमाल मर्यादा सांगतो. प्रत्यक्षात घर्षण लागेल तेवढंच लागतं. वाण्याकडे १०० रुपयांपर्यंत उधारी चालते, म्हणून ६० चा माल नेल्यावर तो वहीत १०० मांडत नाही. तुम्ही ६० न्यूटनने ढकला, घर्षण ६० ने अडवतं. ९० ने ढकला, ९० ने अडवतं. १०० च्या वर गेलात की क्रेट सुटतो, आणि मग लागतं ते गतिक घर्षण, म्हणजे घसरतानाचं, जे साधारणपणे थोडं कमी असतं.

तिच्या वहीला रंगीत स्टिकर लावलेले होते: "उतारावरची", "कप्पीची", "लिफ्टची", "ठोकळ्यावर ठोकळा". मेहनती मुलगी. पण ते स्टिकर बघून मला कॉलेजात वाचलेला एक अभ्यास आठवला. १९८१ मध्ये मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिजिक्सची गणितं काही नवख्या आणि काही मुरलेल्या लोकांना गट पाडायला दिली होती. नवख्यांनी बहुतेक असेच गट पाडले, उताराची एकीकडे, स्प्रिंगची दुसरीकडे. मुरलेल्यांनी आतलं तत्त्व बघून पाडले, हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचं, ते ऊर्जा अक्षय्यतेचं. नवीन चित्र आलं की नवीन स्टिकर शोधायचा आणि तो नसला की रडायचं, हे तिचं रात्री दोन वाजताचं दुखणं होतं.

आणि "वर्गात कळतं" हे खोटं नाही बरं का. फळ्यावर सर सोडवतात तेव्हा कळतंच. पण कुठली वस्तू निवडायची, तिच्यावर काय काय लागतंय, आणि ती हलतेय की नाही हे आधी ठरवायचं की नंतर, हे सगळं सरांनी खडू उचलायच्या आधीच डोक्यात ठरवून टाकलेलं असतं. फळ्यावर उरते ती आकडेमोड, आणि आकडेमोड तर तिला येतच होती. तासाला ४० गणितं "घेणाऱ्या" क्लासेसबद्दल माझं मत फार चांगलं नाही, ते इथे सांगून टाकते.

पुढच्या बैठकीत आकड्यांना बंदी घातली. गणित वाचायचं, एक वस्तू निवडायची, फक्त तेवढीच काढायची आणि विचारायचं, हिला कोण कोण हात लावतंय? जो हात लावतो तोच बल लावू शकतो. पृथ्वी तेवढी न शिवता ओढते, तिला सूट. हौद्याची फळी शिवते, ती वर दाबते आणि आडवं घर्षणही लावते. माणूस शिवतो, दोर शिवतो. प्रत्येक बाणाला मालक हवा.

ढकलून सोडून दिलेला, अजून घसरत असलेला क्रेट तिने काढला आणि पुढच्या बाजूला एक ठळक बाण दिला.

"हा कोणाचा?"

"तो पुढे चाललाय ना. गतीचं बल."

"पण लावतंय कोण?"

बराच वेळ पेन बाणावर फिरत राहिलं. "कोणीच नाही," ती म्हणाली, आणि मग जरा चिडून, "पण मग तो चालतो कसा?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, हे मला तिला पटवायचं होतं. १९८२ मध्ये जॉन क्लेमेंट यांनी अमेरिकेतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना वर उडवलेलं नाणं दाखवून त्यावरची बलं विचारली. हात सुटून वर चाललेल्या नाण्यावर बहुतेकांनी वर जाणारा बाण काढला. अ‍ॅरिस्टॉटललाही हेच वाटत होतं, की हलणाऱ्याला कुणीतरी सतत हलवत असावं लागतं. ते मोडून १६८७ मध्ये न्यूटनचं पुस्तक यायला दोन हजार वर्षं गेली. हिला अकरावीतल्या एका सहामाहीत ते जमेना, म्हणून लगेच आर्ट्स? (आर्ट्सला जाणं ही शिक्षा असल्यासारखं घरोघर बोललं जातं, त्याचाही मला राग येतो. मागच्या वर्षी एक मुलगा माझ्याशी बोलून सायन्स सोडून गेला आणि आता मजेत आहे. पण त्याला फिजिक्स नको होतं. हिला ते हवं होतं आणि येत नव्हतं.)

आणखी एक गोष्ट हाती लागली, ती भाषेची. दहावीपर्यंत तिचं घर्षण, त्वरण, जडत्व होतं. इथे गणितात "स्मूथ", "रफ", "लाइट स्ट्रिंग", "जस्ट बिगिन्स टू मूव्ह" असे शब्द यायचे आणि ती ते वर्णन समजून सोडून द्यायची. आकडा नसलेला शब्द म्हणजे बिनकामाचा. खरं तर तेच आकडे असतात. स्मूथ म्हणजे घर्षण शून्य. लाइट म्हणजे दोराचं वस्तुमान धरायचं नाही. आणि "जस्ट" हा चार अक्षरांचा इंग्रजी शब्द सांगतो, की उधारीची मर्यादा नेमकी गाठली गेलीय, आता म्यू गुणिले नॉर्मल लिहायला परवानगी आहे. आम्ही अशा शब्दांना पेन्सिलीने गोल करायचं ठरवलं.

रोज तीनच गणितं, आधी नुसती चित्रं, आकडेमोड सगळ्यात शेवटी, आणि उत्तर आलं की विचारायचं: गाडीत असं होईल का? रात्री ११ ला वही बंद. मावशींना मी फोन करून सांगितलं, की ११ नंतर दिवा दिसला तर तुम्ही रागवा, माझं नाव सांगा.

"नॉर्मल म्हणजे एमजी" ही चौकट मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तोच २० किलोचा क्रेट, तोच ०.५. आता १०० न्यूटन बल लावायचं, पण आडव्याशी ३० अंश तिरकं. एकदा दोरीने वर ओढत, एकदा खाली दाबत ढकलत. तिला वाटलं उत्तर एकच. चित्र काढल्यावर दिसलं, की ओढताना ५० न्यूटन क्रेटला वर उचलतात, म्हणून नॉर्मल १५० आणि घर्षणाची मर्यादा ७५. आडवं बल ८६.६. क्रेट हलतो. ढकलताना तेच ५० खाली दाबतात, नॉर्मल २५०, मर्यादा १२५, आडवं बल तेच ८६.६. क्रेट ढिम्म. तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढली आणि वर लिहिलं, "नॉर्मल दर वेळी नव्याने काढायचा." शेवटच्या पानावरच्या लाल चौकटीवर तिने स्वतःच काट मारली.

पुढची टेस्ट २५ पैकी १३. चमत्कार नव्हे. उतारावरच्या एका गणितात अजूनही घर्षणाची दिशा उलटी धरली होती. सायन्स ठेवायचं का, हा निर्णय आम्ही वार्षिक परीक्षेनंतरवर ढकलला.

त्या दिवशी वडील तिला घ्यायला आले, मार्केटहून परस्पर. गाडी खाली उभी, हौद्यात रिकामे क्रेट. मी त्यांना मुद्दाम बसवलं आणि तिला म्हटलं, पप्पांना गाडीचं गणित दाखव. तिने काढलं. गाडी वेग घेते तेव्हा क्रेटला पुढे नेणारं एकच बल, फळीचं घर्षण. "बघा पप्पा, घर्षण नेहमी मागेच नसतं." गाडीचं त्वरण २ असेल तर लागतात ४० न्यूटन, मर्यादा १००, क्रेट सोबत येतो. ब्रेक मारताना उलटं. मंदन ५ च्या वर गेलं की क्रेट केबिनकडे सरकणार. म्हणजे ताशी ५४ किलोमीटरवरून थांबायला निदान साडेबावीस मीटर तरी घ्यायला हवेत, त्याहून जोरात ब्रेक मारायचा नाही. "अन् यात वस्तुमान दोन्हीकडून उडतं. क्रेट भरलेला असो की रिकामा, सारखंच."

वडिलांनी मान हलवली. "हे काही खरं नाही. वीस वर्षं गाडी चालवतोय मी. भरलेले जागचे हलत नाहीत, रिकामे सगळा रस्ता नाचत येतात. काय मॅडम?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही, खरं सांगते. ती मात्र पेन्सिल घेऊन पुन्हा क्रेटच्या चौकोनाकडे वळली होती. कोण कोण हात लावतंय, असं पुटपुटत तिने एकेक बाण मोजला, मग वर एक नवा काढला, खाली टोक असलेला.

"दोर," ती म्हणाली. "भरलेल्यांना तुम्ही दोर आवळता पप्पा. तो खाली दाबतो, नॉर्मल वाढतो. रिकाम्यांना कुठे आवळता तुम्ही?"

वडील उठून खिडकीशी गेले आणि खाली गाडीकडे बघून आले. "आज तर बांधलाच नाही," ते म्हणाले.