क्ले केल्यावर काळ्या गाडीवर पांढुरकी झाक आली, आता काय करू?

प्रश्न : सर, माझी काळी सेडान आहे, पाच वर्षं झाली घेऊन. रोज कल्याण स्टेशनजवळ पार्किंगमध्ये उभी असते, रुळांच्या भिंतीला अगदी लागून. धुतल्यावरही बोनेटवर हात फिरवला की रवा सांडल्यासारखं खरखरीत लागायचं म्हणून ऑनलाइन क्ले बार (रंगात रुतलेले कण उपटून काढणारा मातीसारखा मऊ गोळा) मागवला आणि रविवारी बोनेट आणि रूफ घासून काढलं. आता हाताला एकदम गुळगुळीत लागतं, पण उन्हात काढली तर सगळीकडे पांढुरकी झाक, जसं काय कोणी ओल्या फडक्याने पुसून तसंच सोडलंय. दोनदा धुतली, मग वॅक्स लावलं, दोन-तीन दिवस मस्त दिसली आणि जोराचा पाऊस झाला की परत तेच. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण गाडीला रबिंग मारावं लागेल. मारू का? आणि माझ्या हाताने रंग खराब झाला का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : रंग गेलेला नाही, आधी तो घोर सोडा. आणि रबिंगला गाडी आत्ता देऊ नका, का ते पुढे सांगतो.

तुमच्या हाताला जो रवा लागत होता ना तो बहुतेक लोखंडाचा आहे. रूळ आणि चाकं घासून लोखंडाचा अगदी बारीक चुरा उडतो, गाड्यांच्या ब्रेकमधून पण उडतो, तो रंगावर बसतो, गंजतो आणि तिथेच रुतून राहतो, साध्या शाम्पूने तो निघत नाही. क्ले त्याला उपटून काढते, पण उपटलेला कण जातो कुठे, तर त्या क्लेमध्येच चिकटून राहतो. मग तुम्ही तीच बाजू पुढच्या फूटभर जागेवर फिरवली की तो कण रंगावरून ओढला जातो. वरून पाणी-शाम्पू कमी पडलं असेल, हात जड पडला असेल किंवा क्ले जरा कडक मिळाली असेल तर हजारो बारीक ओरखडे पडतात, एकेक वेगळा दिसणारच नाही इतके बारीक, आणि ते सगळे मिळून ती झाक दिसते.

पांढऱ्या गाडीवर पण हे ओरखडे पडतात बरं का, फक्त दिसत नाहीत. ओरखड्यावर पडलेला उजेड इकडेतिकडे विखुरतो आणि डोळ्याला पांढुरका दिसतो, पांढऱ्या किंवा सिल्व्हर रंगात तो मिसळून जातो आणि काळ्यावर उठून दिसतो. म्हणून काळ्या, गडद निळ्या, मरून गाडीला क्ले केलं की मागून पॉलिश आलंच असं धरून चालायचं. हे क्लेच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात छापायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण या एका गोष्टीमुळे लोक घाबरून गॅरेज गाठतात.

माझी स्वतःची गडद निळी गाडी मी पहिल्यांदा क्ले केली ती एप्रिलच्या दुपारी, सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये. पत्रा इतका तापलेला की फवारलेलं पाणी क्ले फिरवेपर्यंत वाळायचं, क्ले पण उन्हाने मऊ पडून च्युइंगमसारखी ताणली जायची आणि मी अजून दाबून घासत होतो. संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघितलं तर बोनेटवर मधोमध माझ्या हाताचे पट्टे, उभे गेलेले उभे, आडवे गेलेले आडवे, वर काही ठिकाणी क्लेचा चिकट थर. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच बोनेटवर, आणि तेव्हा मला ते वेगळे ओळखताच आले नव्हते. त्यात माझे दोन रविवार वाया गेले.

तुम्ही आधी हेच ओळखा, चरे (म्हणजे ते बारीक ओरखडे) आहेत का नुसता थर. सावलीत, पत्रा थंड असताना बोनेटचा वीतभर चौकोन घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटर सहा-सात भाग असं मिसळून स्प्रे करा आणि स्वच्छ मऊ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा. तो पिवळा डस्टर किंवा जुना बनियन नको, काळ्या गाडीवर त्याचेच नवीन चरे पडतात. पुसताना फडकं अडकल्यासारखं ओढलं जात असेल आणि नंतर तेवढा चौकोन खोल काळा झाला तर तो क्लेचा किंवा शाम्पूचा थर होता, तसंच सगळं पुसून घ्या, काम झालं. पण पुसल्यावर झाक तशीच राहिली किंवा अजून स्पष्ट दिसायला लागली तर ते चरे आहेत. वॅक्सनंतर दोन दिवस बरं दिसून पावसाने परत आलं म्हणताय त्यावरून मला तरी चरेच वाटतात, कारण वॅक्स चऱ्यांत भरून बसतं, झाकतं, चरा काढत नाही.

चरे काढायला पॉलिश लागतं, आणि पॉलिशमध्ये पण सगळ्यात सौम्य असतं ते, त्याला फिनिशिंग पॉलिश म्हणतात. आता रबिंग का नको. तुमच्या गाडीच्या काळ्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षा सुद्धा पातळ. तुमचे चरे त्या थराच्या अगदी वरवर आहेत. रबिंग कंपाउंड असतं खोल ओरखड्यांसाठी, ते लोकरीच्या पॅडने मशीनवर मारलं की झाक जाईल पण गरजेपेक्षा जास्त थर जाईल आणि काळ्यावर उन्हात गोल गोल जाळं दिसायला लागेल, शिवाय गेलेला क्लिअर कोट परत येत नाही.

आधी एका फुटाच्या चौकोनावर हातानेच करून बघा. मऊ फोमच्या ॲप्लिकेटरवर तीन-चार थेंब फिनिशिंग पॉलिश, मध्यम दाब, दोनेक मिनिटं उभं-आडवं, पॉलिश वाळायच्या आत पुसून घ्या आणि मग परत ते अल्कोहोलचं पाणी मारून बघा, नाहीतर पॉलिशच्या तेलाने फसायला होतं. हलकी झाक असेल तर एवढ्याने बरीच जाते. पण अख्खं बोनेट आणि रूफ हाताने म्हणजे खांदे भरून येतील आणि सगळीकडे सारखं होईलच असं नाही, तेव्हा ड्युअल ॲक्शन पॉलिशर (पॅड फिरवता फिरवता हलवणारं पॉलिशचं मशीन) असलेला डिटेलर, म्हणजे गाड्यांची सफाई-पॉलिश करणारा कारागीर, शोधा आणि त्याला स्पष्ट सांगा, मऊ फोम पॅड, फिनिशिंग पॉलिश, आधी एक टेस्ट स्पॉट मला दाखवा. दाखवायला तयार नसेल तर गाडी देऊ नका. बोनेटच्या कडा आणि उठावाच्या रेषा यांवर मास्किंग टेप लावायला सांगा, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. आणि एखादा पार्ट आधी रिपेंट झाला असेल तर तेही सांगा, तो रंग कंपनीच्या रंगापेक्षा मऊ असू शकतो. चरे गेल्यावर मग सीलंट (वॅक्ससारखाच रंगाचं रक्षण करणारा थर) किंवा वॅक्स लावा, तेव्हा ते खरं उपयोगाचं.

दरवाजे आणि डिकी अजून बाकी असतील तर थेट क्ले लावू नका. धुऊन झालं की सावलीत आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचा चुरा विरघळवणारं औषध, फवारा, लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो, ग्लोव्ह्ज घाला आणि ते वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. रुळांशेजारच्या गाडीचा अर्ध्याहून जास्त रवा यातच निघून गेलेला मी बघितलाय. मग प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटं फिरवा, नुसत्या हाताला न कळणारं पिशवीतून कळतं, आणि जिथे खरखर लागेल तिथेच फाइन ग्रेडची क्ले. शाम्पूचं पाणी इतकं की क्ले तरंगत गेली पाहिजे, दाब नुसता बोटांच्या वजनाचा, दर दीड-दोन फुटांनी क्ले मळून आतली स्वच्छ बाजू वर काढा. खाली पडली तर ती टाकून द्या, कितीही नवीन असली तरी.

प्रश्न : माझ्या काळ्या एसयूव्हीला सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावतात तो टिकाऊ संरक्षक थर) आहे, एक वर्ष झालं. पाणी आता पूर्वीसारखं घरंगळत नाही, क्ले केली तर चालेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नका करू. क्लेने कोटिंगवर पण चरे पडतात आणि ते पॉलिश करायला गेलात तर पैसे देऊन लावलेलं कोटिंगच निघून जाईल. पाणी घरंगळत नाही म्हणजे कोटिंग संपलं असं नाही, बऱ्याचदा वर धूळ-चिकटा बसलेला असतो, आणि गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जात असेल तर क्षाराचा थर पण असतो. आधी आयर्न रिमूव्हर, मग कोटिंगला चालणारा वॉटर स्पॉट रिमूव्हर, सावलीत, एकेका पार्टवर, आणि लगेच धुऊन टाकायचं. त्यानंतरही पाणी पसरूनच राहिलं तर ज्याने कोटिंग लावलं त्याला वॉरंटीचं कार्ड घेऊन गाडी दाखवा.