शिनाणे दारात, मग खोली मुंबईत कशाला?

प्रश्न : माझी मुलगी रत्नागिरीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता पीएच.डी.ला नाव नोंदवलंय. विषय आपल्या किनाऱ्यावरच्या शिनाण्यांचा, म्हणजे खडकांना चिकटणाऱ्या हिरव्या शिंपल्यांचा. मार्गदर्शक रत्नागिरीतच आहेत. पण ती म्हणते, इकडे संशोधनाची लायब्ररी नाही, मुंबईत खोली घेऊन राहावं लागेल. आमची आंब्याची लहानशी बाग आहे, दरमहा हा खर्च झेपणारा नाही. लायब्ररीसाठी एवढं लांब जावं लागतं का?
– एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, मुलीची काळजी खरी आहे. आधीचं काम वाचल्याशिवाय संशोधनात पाऊल टाकता येत नाही. पण मुंबईत खोली घेऊ नका. शिनाणे गोळा करायचे ते अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, खडक उघडे पडतात तेव्हा. म्हणजे तिला दर पंधरवड्याला कोकणात यावंच लागणार. खडक दारात सोडून कागदासाठी मुंबईत राहायचं, हे उलटं झालं. कागद आता तिच्यापर्यंत येतो. तो आणायला मदत करणारा माणूस मात्र तिला अजून भेटलेला दिसत नाही, आणि तो माणूस म्हणजे ग्रंथपाल.

आपल्याकडे ग्रंथपाल म्हणजे पुस्तकावर शिक्का मारून देणारा, असाच समज आहे. कॉलेजात रीतसर नेमलेला ग्रंथपाल ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. आणि बहुधा नेट-सेट या पात्रता परीक्षा झालेला असतो. शोधायचं कसं, हेच तो शिकलेला असतो. मी एम.फिल. करताना पाच महिने टिपणं काढली आणि मग कळलं, जवळपास त्याच विषयावरचा प्रबंध दुसऱ्या एका विद्यापीठात होऊन गेला होता. ग्रंथपालांच्या टेबलावर प्रबंधांच्या छापील सूच्या होत्या. मी विचारलंच नव्हतं. ते पाच महिने मला अजून आठवतात, म्हणून हे एवढं कळकळीनं लिहितोय.

आता सूच्या चाळायची गरज नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध पूर्ण वाचता येतात, तेही फुकट. ‘शोधगंगोत्री’वर चालू संशोधनाचे आराखडे असतात. तुमच्या मुलीनं पहिला आठवडा इथेच घालवावा.

पण नुसतं संकेतस्थळ उघडून भागत नाही. ती ‘पर्ना व्हिरिडिस’ हे शिनाण्याचं शास्त्रीय नाव टाकून शोधेल. याच शिंपल्याला जुने संशोधक ‘मायटिलस व्हिरिडिस’ म्हणत. नवं नाव टाकलं की जुने कितीतरी लेख समोर येतच नाहीत, आणि आपल्या किनाऱ्यावर काही कामच झालेलं नाही असं वाटू लागतं. चांगल्या ग्रंथपालाला शिनाण्यांतलं काही कळत नसेलही, पण ‘याला पूर्वी दुसरं काही नाव होतं का?’ हा प्रश्न तो हमखास विचारतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा ऑनलाइन संग्रह सगळ्यांना खुला आहे, शिंपल्यांवरचं बरंच जुनं काम तिथे मिळेल. तिथे दोन्ही नावांनी शोधायला सांगा.

विकतच्या नियतकालिकांचं गणित जरा वेगळं आहे. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत. मात्र ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. मुलीचं संशोधन केंद्र खासगी अनुदानित कॉलेजात असेल, तर कॉलेजचं नाव त्यात नसू शकतं. पण तिची नोंदणी विद्यापीठाची आहे. म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून घरबसल्या लॉग-इन मिळतं का, हे तिनं लगेच विचारावं. कॉलेज ‘एन-लिस्ट’चं, म्हणजे कॉलेजांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचं, सभासद असेल, तर त्याचंही वेगळं लॉग-इन असतं. ते मागितल्याशिवाय कुणी हातात आणून देत नाही. एखादा लेख कुठेच सापडला नाही, तर ग्रंथपाल दुसऱ्या ग्रंथालयाकडून त्याची प्रत मागवू शकतात.

जवळचंही विसरू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीच्या शिरगावला आहे. मार्गदर्शकांचं पत्र घेऊन तिथल्या ग्रंथालयात बसायची परवानगी मागावी. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ सालचं. तिथे परदेशी नियतकालिकं मिळायची नाहीत, पण किनाऱ्याचा जुना इतिहास हवा असेल तर तिथेही चौकशी करावी.

प्रबंध लिहिताना पुन्हा ग्रंथालयच लागतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. ही तपासणी बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातच होते. शेवटच्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा एकेक प्रकरण आधी दाखवून घ्यावं. संदर्भ नोंदवायला ‘झोटेरो’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते पहिल्या दिवसापासून वापरावं. तीन वर्षांनी तीनशे संदर्भ हातानं जुळवणारी मुलं मी रडताना पाहिली आहेत.

आणखी एक. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे ई-मेल तिला येऊ लागतील. यूजीसीनं आपली विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करायची आहे. पैसे भरण्याआधी नियतकालिकाचं नाव मार्गदर्शकांना आणि ग्रंथपालांना दाखवावं.

मुंबईला जावं लागेल, नाही असं नाही. वर्षातून दोनदा, चार-पाच दिवस, मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात. काय बघायचं त्याची यादी आधी कळवून जावं. तेवढ्यासाठी नातेवाइकांकडची पथारी पुरेल.

सध्या तिनं एवढंच करावं : विषय पाच ओळींत लिहावा, शिनाण्यांची सगळी नावं, मराठी, इंग्रजी, जुनी-नवी शास्त्रीय, एका कागदावर उतरवावी आणि तवसाळ-जयगडची फेरीबोट धरून कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटावं. परीक्षेच्या गर्दीचे दिवस टाळून, दुपारी. तासभर तरी बसावं लागेल, डबा सोबत द्या.