पर्समधली अर्धी गोळी

"डॉक्टरांनीच लिहून दिलेली गोळी आहे. मी काय दारू पिते का?"

समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत बाईंनी मला हे सुनावलं, आणि चूक माझीच होती. सोबत आलेल्या मुलीने हकिकत सांगितली आणि माझ्या तोंडून 'व्यसन' हा शब्द निसटला. बाई पर्स उचलून उठल्याच. झोपेच्या गोळ्या घेणारे बरेच जण मला हेच विचारतात, म्हणून त्यांची गोष्ट, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून, सांगते.

चार वर्षांपूर्वी नवरा गेला. रात्रभर डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरांनी अल्प्राझोलामची 0.25 मिलीग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी दिली. त्यात गैर काहीच नव्हतं. पंधरा दिवस संपले, चिठ्ठी मात्र चालूच राहिली. ती मी पाहिली आहे, घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. पावाची अर्धी झाली, अर्ध्याची एक मिलीग्रॅम. "मी वाढवली नाही हो, तेवढीच पुरेना."

हे 'पुरेना' महत्त्वाचं. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी बेंझोडायझेपिन कुळातली औषधं तो ब्रेक आणखी जोरात दाबतात. रोज बाहेरून दाब मिळतोय म्हटल्यावर मेंदू स्वतःचा पाय सैल सोडतो. म्हणूनच झोपेसाठी ही औषधं साधारण दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असं सांगतात. चिठ्ठी कुणाची आहे, हे मेंदूला कळत नाही.

मुलीने एके दिवशी सगळ्या स्ट्रिप्स कचऱ्यात टाकल्या. हेतू चांगला, पण फार धोक्याचं काम. पहिली रात्र टक्क जागी गेली. दुसऱ्या दिवशी घाम, छातीत धडधड, भांड्याचा आवाजही सहन होईना. तिसऱ्या दिवशी केलेली सही इतकी कापरी झाली की बँकेने चेक परत पाठवला. चौथ्या दिवशी बाईंनी गोळी आणवली, घेतली, आणि तासाभरात हात स्थिर झाला. दोघींनी एकच अर्थ काढला: आजार अजून आहे, गोळी हवीच.

अर्थ नेमका उलटा होता. त्या चार दिवसांचा त्रास गोळी एकदम बंद केल्याचा होता. त्यात झोप पूर्वीपेक्षाही वाईट उडते, आणि माणसाला वाटतं मूळचं दुखणंच परत आलं. बाईंना फिट आली नाही हे नशीब. या गोळ्या बरेच दिवस घेऊन एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. अशा वेळी 'इच्छाशक्ती दाखवा' म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला मनापासून राग येतो.

बाईंना पटलं ते माझ्या व्याख्यानाने नाही. त्यांच्या पर्समध्ये कानातल्यांची एक डबी असायची आणि तिच्यात कापसात गुंडाळलेली अर्धी गोळी. प्रवासाला निघाल्या असता डबी घरी राहिल्याचं लक्षात आलं आणि त्या अर्ध्या वाटेतून परतल्या. हे सांगताना त्या मध्येच थांबल्या. मग म्हणाल्या, "तुमचा तो शब्द बरोबर असेल कदाचित."

त्याआधी न्हाणीघरात दोनदा तोल गेला होता, नावं विसरायला होत होती. सगळं वयाच्या खात्यावर टाकलेलं. ही लक्षणंही या गोळ्यांमुळे येऊ शकतात. दारू किंवा अफूवर्गातली वेदनाशामकं सोबत असतील तर श्वासच मंदावतो, तो वेगळा धोका.

पुढचं काम मनोविकारतज्ज्ञांचं. त्यांनी शरीरात जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणून डोस थोडा थोडा उतरवला, दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा. मध्ये दोनदा जिथल्या तिथे थांबावं लागलं. रात्रीची झोप सुधारण्याचं काम माझ्या वाट्याला आलं. उठायची वेळ ठरलेली, झोप कितीही झालेली असो. झोप येत नसेल तर अंथरूण सोडायचं. दुपारी आडवं व्हायचं नाही. ऐकायला किरकोळ, करायला जिकिरीचं.

गोळी रोज दहालाच का, हे मी सहज विचारलं होतं. उत्तर सातव्या भेटीत मिळालं. "दहाला हे दाराची कडी लावायचे. त्या वेळी मला जागं राहायचं नव्हतं." त्या दिवशी त्या खूप रडल्या. चार वर्षांत पहिल्यांदा, असं मुलगी म्हणाली.

आज अकरावा महिना आहे. डोस अगदी थोडा उरलाय, आणि हा शेवटचा टप्पाच सगळ्यांत सावकाश जातोय. कडी आता त्या स्वतः लावतात, कधीकधी अकराला. डबी अजून पर्समध्ये आहे. मी मागितलेली नाही.